आंगेल योर्दनेस्कु: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुटबॉलच्या गप्पांत १९९४ चा विश्वचषक निघाला की रोमानियाचा हाजी निघतोच. त्याचा कोलंबियाविरुद्धचा गोल, अर्जेंटिनाची उडालेली दाणादाण, सगळं लोकांना अजून आठवतं. तो संघ ज्यांनी बांधला त्यांचं नाव मात्र फार थोड्यांना सांगता येतं, आणि मला हे नेहमी खटकतं. या माणसाबद्दल मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहितो आहे.

नाव नेमकं कसं उच्चारायचं?

आंगेल योर्दनेस्कु. इंग्रजी अक्षरं वाचून अनेक जण ‘अँजेल’ म्हणतात, पण रोमानियन भाषेत तिथे स्पष्ट ‘ग’ आहे. रोमानियात त्यांना लाडाने ‘पुयु’ म्हणतात, म्हणजे पिल्लू. वय वाढलं तसं ‘ताता पुयु’ झालं. ताता म्हणजे बाबा. वर्तमानपत्रांत त्यांना ‘जनरल’ही म्हटलं जातं, कारण त्यांचा क्लब सैन्याचा आणि त्यांना सैन्यातला हुद्दाही मिळाला होता. एकाच माणसाला पिल्लू, बाबा आणि जनरल अशी तीन नावं चिकटली, यावरून लोकांचा त्यांच्यावर किती जीव होता ते कळतं.

थोडक्यात सांगायचं तर त्यांचं कर्तृत्व काय?

जन्म ४ मे १९५०, याश शहरात. स्त्याउआ बुखारेस्टचे आघाडीवीर. पुढे त्याच क्लबचे प्रशिक्षक म्हणून युरोपियन सुपर कप जिंकला आणि १९८९ मध्ये युरोपियन कपची (म्हणजे आजच्या चॅम्पियन्स लीगची) अंतिम फेरी गाठली. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक तीनदा झाले. १९९४ मध्ये त्यांनी रोमानियाला विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत नेलं. त्यापुढे रोमानिया आजवर कधीच गेलेला नाही.

पण मला त्यांची ओळख एका शब्दात करून द्यायची असेल तर मी म्हणेन, अडीनडीचा माणूस. घरात काही बिनसलं की ज्याला हाक मारायची, असा. त्यांची जवळजवळ प्रत्येक मोठी जबाबदारी अशीच, दुसऱ्या कुणाचं अर्धवट राहिलेलं काम हातात घेऊन सुरू झाली.

खेळाडू म्हणून ते किती मोठे होते?

आपल्याकडे वाटतं त्यापेक्षा बरेच मोठे. १९६८ ते १९८२ अशी चौदा वर्षं ते स्त्याउआकडून खेळले आणि लीगमध्ये दीडशेहून जास्त गोल केले. १९७६ आणि १९७८ ची विजेतेपदं मिळवणाऱ्या संघात ते होते. १९८१–८२ च्या हंगामात, तिशी ओलांडल्यावर, ते रोमानियन लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारे ठरले. त्यानंतर ग्रीसमध्ये क्रीट बेटावरच्या ओएफआय या क्लबकडे दोन वर्षं गेले.

एक गोष्ट मात्र राहून गेली. विश्वचषक त्यांना खेळायला मिळाला नाही. १९७४, १९७८, १९८२ अशा तिन्ही वेळा रोमानिया पात्रतेतच बाहेर पडला, आणि त्यांची भराची वर्षं नेमकी तीच. प्रशिक्षक म्हणून दोन विश्वचषक गाजवणारा हा माणूस खेळाडू म्हणून त्या मैदानावर कधी उतरलाच नाही.

स्त्याउआ हा कसला क्लब होता?

स्त्याउआ म्हणजे तारा. १९४७ मध्ये स्थापन झालेला सैन्याचा क्लब. बुखारेस्टमधला त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी दिनामो हा गृहखात्याचा, म्हणजे पोलिसांचा. साम्यवादी रोमानियात या दोन क्लबांच्या सामन्याला फुटबॉलपलीकडचे पदर असायचे, ते पुढे येईलच.

१९८६ च्या अंतिम सामन्यात ते सहायक प्रशिक्षक असूनही मैदानात उतरले होते, हे खरं आहे का?

अगदी खरं. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली ही सर्वात विलक्षण संध्याकाळ.

७ मे १९८६. सेविया शहरातलं सांचेझ पिझुआन मैदान. समोर बार्सिलोना, स्पेनच्याच भूमीवर, आणि प्रेक्षकही बहुतेक सगळे त्यांचेच. स्त्याउआचे मुख्य प्रशिक्षक होते एमेरिक येनेई, आणि योर्दनेस्कु त्यांचे सहायक. ते खेळण्यातून जवळपास निवृत्तच झाले होते, पण खेळाडूंच्या यादीत त्यांचं नाव अजून होतं. त्यातच कर्णधार तुदोरेल स्तोइका निलंबित असल्यामुळे त्या सामन्याला नव्हता. संघात शांत डोक्याचं माणूस हवं होतं.

सत्तर मिनिटं उलटली, गोल नाही, पाय जड झाले. तेव्हा येनेईंनी लुचियान बालानला बाहेर काढलं आणि आपल्या सहायकाला आत पाठवलं. योर्दनेस्कुंना छत्तिसावं वर्ष पूर्ण होऊन तीन दिवस झाले होते. त्यांनी काही चमत्कार केला नाही, आणि तो करायला ते गेलेही नव्हते. चेंडू पायाशी ठेवायचा, घाई करणाऱ्या पोरांना हाताने ‘थांबा, थांबा’ करायचं, जवळचा पास द्यायचा. अतिरिक्त वेळेतही बार्सिलोनाला गोल मिळाला नाही.

मग पेनल्टी शूटआउट. तिथे हेल्मुथ दुकादामने चारच्या चार पेनल्टी अडवल्या. स्त्याउआच्याही पहिल्या दोन वाया गेल्या, पण मारियुस लकतुश आणि गावरिल बालिंत यांनी गोल केले. निकाल २–०. पूर्व युरोपातल्या क्लबाने युरोपियन कप जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

मग तो चषक येनेईंचा मानायचा की योर्दनेस्कुंचा?

येनेईंचा. यात वाद घालण्यासारखं काही नाही. योर्दनेस्कुंचं श्रेय सहायकाचं आणि त्या पन्नासेक मिनिटांचं. चाहत्यांनी उगाच दुसऱ्याच्या ताटातलं त्यांच्या ताटात ओढू नये. त्यांचं स्वतःचं ताट भरलेलं आहे.

त्या संघाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. सेवियाच्या त्या एका रात्रीतले चार जण पुढे रोमानियाच्या राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदावर बसले: येनेई, योर्दनेस्कु, लास्लो बोलोनी आणि व्हिक्टर पित्सुर्का. पुढची जवळजवळ तीस वर्षं रोमानियन फुटबॉलचा गाडा फिरून फिरून याच घराकडे येत राहिला.

मुख्य प्रशिक्षक ते कधी झाले?

त्याच वर्षी. येनेईंकडे राष्ट्रीय संघ गेला आणि स्त्याउआची सूत्रं योर्दनेस्कुंकडे आली. डिसेंबर १९८६ मध्ये टोकियोत इंटरकॉन्टिनेंटल कपमध्ये अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेटकडून ०–१ अशी हार झाली. मग २४ फेब्रुवारी १९८७ ला मोनाकोत सुपर कपसाठी सोव्हिएत संघातल्या दिनामो कीव्हशी गाठ पडली. त्या सामन्याच्या तोंडावर स्त्याउआने स्पोर्तुल स्तुदेंत्सेस्क या छोट्या क्लबातून एका तरुण खेळाडूला आणलं. तो आला होता म्हणे त्या एका सामन्यापुरता. त्याने फ्री किकवर गोल केला, स्त्याउआ १–० ने जिंकला, आणि तो परत गेलाच नाही. तो पोरगा म्हणजे ग्योर्गे हाजी.

१०४ सामन्यांत एकही हार नाही, हा विक्रम खरा मानायचा का? सत्तेचा हात नव्हता का?

हा प्रश्न टाळता येत नाही आणि टाळूही नये.

आकडा खरा आहे. जून १९८६ ते सप्टेंबर १९८९ या काळात स्त्याउआ लीगमध्ये सलग १०४ सामने हरला नाही. १९८७, १९८८ आणि १९८९ ही तिन्ही विजेतेपदं योर्दनेस्कुंच्या हाताखाली, आणि तिन्ही एकही सामना न हरता.

पण त्या काळातला रोमानिया विसरून हा आकडा वाचता येत नाही. हुकूमशहा चाउशेस्कुचा मुलगा वालेंतिन या क्लबचा पाठीराखा होता. देशांतर्गत सामन्यांत पंचांवर किती दडपण असेल याची कल्पना करायला फार बुद्धी लागत नाही. १९८८ च्या रोमानियन कपचा अंतिम सामना हे त्याचं सर्वात ठसठशीत उदाहरण. समोर दिनामो, १–१ अशी बरोबरी, अखेरच्या क्षणी बालिंतचा गोल ऑफसाइड म्हणून नाकारला गेला आणि स्त्याउआचे खेळाडू मैदान सोडून चालते झाले. नियमाप्रमाणे मैदान सोडणारा हरतो. इथे उलटंच घडलं, चषक स्त्याउआला बहाल झाला! राजवट कोसळल्यानंतर स्त्याउआने त्या चषकावरचा हक्क सोडला, ते योग्यच केलं.

तर मग त्या संघाला खोटा म्हणायचं का? मी म्हणणार नाही, आणि याचं कारण युरोप. मोनाकोतल्या, लिस्बनमधल्या, गॉथेनबर्गमधल्या पंचांवर वालेंतिन चाउशेस्कुचा काही जोर चालत नव्हता. तिथेही हा संघ १९८८ मध्ये युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत पोहोचला आणि पोर्तुगालच्या बेन्फिकाकडून हरला. पुढच्या वर्षी थेट अंतिम फेरी. घरातल्या १०४ सामन्यांवर शंका घ्यायची ती घ्या, पण चार वर्षांत युरोपियन कपच्या दोन अंतिम फेऱ्या आणि एक उपांत्य फेरी कुणी कुणाला दान देत नाही.

१९८९ च्या अंतिम सामन्यात ४–० अशी धूळधाण का झाली?

समोर प्रशिक्षक आरिगो साकीचं इटालियन मिलान होतं, याहून वेगळं कारण शोधायची गरज नाही. २४ मे १९८९, बार्सिलोनाचं कॅम्प नोऊ. गुलिटचे दोन, व्हॅन बास्टनचे दोन. मिलानचे खेळाडू पुढे सरकून इतके जवळजवळ उभे राहत की स्त्याउआच्या मध्यरक्षकांना चेंडू घेऊन वळायलाही जागा मिळेना. शिवाय बचावफळीचा कणा असलेला मियोद्राग बेलोदेदिच काही महिन्यांपूर्वी देश सोडून युगोस्लाव्हियात निघून गेला होता. तो असता तरी निकाल बदलला असता असं मला वाटत नाही, फरक कदाचित कमी झाला असता.

राष्ट्रीय संघ त्यांच्याकडे कसा आला?

पुन्हा तेच, अडीनडीला.

१९८९ च्या डिसेंबरात राजवट कोसळली, सीमा उघडल्या आणि चांगले खेळाडू एकामागून एक परदेशी गेले. योर्दनेस्कुही सायप्रसच्या आनोर्थोसिस क्लबकडे दोन वर्षं जाऊन आले आणि परतल्यावर १९९३ मध्ये स्त्याउआला पुन्हा विजेतेपद मिळवून दिलं. इकडे विश्वचषकाची पात्रता फेरी चालू होती. जून १९९३ मध्ये कोशित्से इथे चेकोस्लोव्हाकियाने रोमानियाला ५–२ असं चोपलं. प्रशिक्षक कोर्नेल दिनु यांना जावं लागलं आणि योर्दनेस्कुंना बोलावणं आलं. हातात सामने उरले होते तीन: फॅरो बेटं, बेल्जियम आणि वेल्स. तिन्ही जिंकले. फॅरो बेटांविरुद्ध ४–०, चारही गोल फ्लोरिन रदुचोयूचे. बेल्जियमविरुद्ध २–१. वेल्सचा सामना शेवटच्या प्रश्नासाठी राखून ठेवतो.

१९९४ चा संघ खेळायचा कसा?

मागे सरकून वाट बघायची, समोरच्याला पुढे येऊ द्यायचं आणि चेंडू हिसकला की तीन-चार पासांत गोलपर्यंत जायचं. कुणाला हे भित्रं वाटतं. मला वाटत नाही, कारण या खेळाला लागणारी माणसं त्यांच्याकडे नेमकी होती. बचावात परत आलेला बेलोदेदिच, त्याच्यापुढे ग्योर्गे पोपेस्कु आणि योन लुपेस्कु, उजव्या बाजूने न थकता वर-खाली करणारा दान पेत्रेस्कु, आणि पुढे हाजीला मोकळं रान.

कोलंबियाविरुद्ध १८ जूनला पासाडेनात हे पहिल्यांदा जगाला दिसलं. कोलंबियाला तेव्हा अनेक जण संभाव्य विजेता मानत होते. चेंडू बराच वेळ त्यांच्याच पायात होता आणि निकाल ३–१ रोमानियाचा. हाजीने डाव्या कडेवरून, गोलरक्षक थोडा पुढे आलेला बघून, चेंडू त्याच्या डोक्यावरून उचलून लांबच्या खांबाला घातला.

चार दिवसांनी स्वित्झर्लंडने याच संघाला ४–१ असं फोडून काढलं. हे आजकाल कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. इथे योर्दनेस्कुंची परीक्षा होती. त्यांनी गोलरक्षक बदलला. बोगदान स्तेल्याच्या जागी फ्लोरिन प्रुन्या आला, आणि यजमान अमेरिकेला पेत्रेस्कुच्या एकमेव गोलवर हरवून रोमानिया बाद फेरीत पोहोचला.

मग ३ जुलै, अर्जेंटिना. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. आमच्या चाळीत एकाच घरात टीव्ही चालू होता, लहान बाळ झोपलं होतं म्हणून आवाज पूर्ण बंद. तो सामना मी मुका पाहिला, आणि कदाचित म्हणूनच खेळाडूंच्या हालचाली डोळ्यांत अशा कोरल्या गेल्या. रदुचोयू निलंबित होता. त्याच्या जागी दुसरा आघाडीवीर घालण्याऐवजी योर्दनेस्कुंनी मध्यरक्षक इलिये दुमित्रेस्कुला सर्वात पुढे नेलं. अर्जेंटिनाच्या बचावपटूंना धरायला कुणी खांबासारखा उभाच नव्हता, आणि दुमित्रेस्कु मागून धावत येऊन मोकळ्या जागेत शिरत राहिला. अकराव्या मिनिटाला त्याने डावीकडून फ्री किक थेट जाळ्यात वळवली. बातिस्तुताने पेनल्टीवर बरोबरी साधली. दोनच मिनिटांत हाजीने उजवीकडून एक तिरकी फट शोधून अगदी मोजून पास दिला आणि दुमित्रेस्कुने धावत्या पायाने चेंडू आत ढकलला.

तिसरा गोल मात्र प्रशिक्षकाचा गोल म्हणावा असा. अर्जेंटिना पूर्ण ताकदीने पुढे आलेली, रोमानियाने चेंडू हिसकला, दुमित्रेस्कु तो घेऊन अर्धं मैदान धावत गेला, उजवीकडे हाजी त्याच्या बरोबरीने. दुमित्रेस्कु थांबला, बचावपटूला आपल्याकडे ओढून घेतलं आणि चेंडू सरकवला. हाजीचा पाय डावा, जग जाणतं. हा गोल त्याने उजव्या पायाने केला. अखेरीस ३–२.

मग स्वीडनविरुद्ध काय बिनसलं? चूक प्रशिक्षकाची होती का?

थोडी होती, असं मी म्हणतो, आणि ते लिहिताना आजही जड जातं.

१० जुलै, स्टॅनफर्ड. ७८ व्या मिनिटाला स्वीडनने फ्री किकच्या ठरवून केलेल्या चालीवर गोल केला, ब्रोलिनचा. रदुचोयूने ८८ व्या मिनिटाला बरोबरी साधली आणि अतिरिक्त वेळेत, १०१ व्या मिनिटाला, रोमानियाला पुढे नेलं. पाठोपाठ स्वीडनच्या श्वार्झला लाल कार्ड. आघाडी आपली, समोर दहा खेळाडू, उरली वीसेक मिनिटं. इथे चेंडू पायात ठेवून स्वीडनला पळवायला हवं होतं. रोमानिया मागे सरकला. वाट बघायची जी सवय आधी ताकद होती, तीच इथे आड आली. ११५ व्या मिनिटाला एक उंच चेंडू आला, प्रुन्या गोल सोडून पुढे झेपावला, केनेट अँडरसनचं डोकं आधी पोहोचलं.

पेनल्टीत स्वीडनची पहिलीच वाया गेली, तरी रोमानिया हरला. स्वीडनचा गोलरक्षक राव्हेलीने पेत्रेस्कुची अडवली आणि शेवटी बेलोदेदिचची. याच बेलोदेदिचने १९९१ च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाच्या रेड स्टारसाठी पेनल्टी शूटआउटमध्ये न चुकता गोल केला होता. अशा माणसाला दोष कसा द्यायचा?

हाजी नसता तर योर्दनेस्कु कुणाला माहीत झाले असते का?

हा प्रश्न मला अन्यायाचा वाटतो. हाजी १९९० च्या विश्वचषकातही होता. प्रतिभा म्हणाल तर वर्षानुवर्षं तितकीच होती. १९९४ मध्ये फरक पडला तो त्याला मिळालेल्या मोकळिकीने. योर्दनेस्कु त्याला विशीच्या सुरुवातीपासून ओळखत होते. बचावासाठी मागे धावायला लावलं तर हा घोडा उधळेल, हे त्यांना ठाऊक होतं. त्याच्या वाटचं धावणं त्यांनी मुन्त्यानु, लुपेस्कु आणि सेलिमेश यांच्यात वाटून दिलं, आणि त्या तिघांनी कुरकुर न करता ते केलं. तीन चांगल्या खेळाडूंना चौथ्यासाठी राबायला राजी करणं, हे प्रशिक्षकाचंच काम.

१९९६ च्या युरो स्पर्धेत, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेत, काय झालं?

तीन सामने, तीन पराभव: फ्रान्स, बल्गेरिया, स्पेन. बल्गेरियाविरुद्ध दोरिनेल मुन्त्यानुचा फटका आडव्या खांबाला लागून रेषेच्या आत पडला होता, पंचांनी गोल दिला नाही. ही खंत रोमानियन माणूस आजही बोलून दाखवतो. तरीही स्पर्धा वाईटच गेली.

केस पिवळे रंगवण्याची कल्पना त्यांची होती का?

खेळाडूंची. १९९८ च्या पात्रता फेरीत दहापैकी नऊ सामने जिंकून आणि एक बरोबरीत सोडवून रोमानिया फ्रान्सला आला होता. कोलंबियाला १–० हरवलं. मग तुलूझमध्ये इंग्लंडला २–१. त्यातला पहिला गोल व्हिओरेल मोल्दोवानचा, आणि शेवटच्या मिनिटाचा पेत्रेस्कुचा, तोही चेल्सीतला आपलाच सहकारी ग्रॅम ल सो याला रेटून. पुढची फेरी पक्की झाल्याच्या आनंदात ट्युनिशियाविरुद्ध सगळा संघ केस सोनेरी करून उतरला. गोलरक्षक स्तेल्या तेवढा वगळता, कारण त्याच्या डोक्यावर केसच नव्हते. तो सामना १–१ सुटला. नंतर बोर्दोत क्रोएशियाकडून शुकरच्या पेनल्टीवर ०–१ अशी हार, आणि योर्दनेस्कुंचं पहिलं पर्व संपलं.

त्यानंतर ते कुठे होते?

काही काळ ग्रीसचा राष्ट्रीय संघ, मग आखाती देशांतले क्लब. यातलं ठळक यश म्हणजे २००५ मध्ये सौदीच्या अल-इत्तिहादला मिळवून दिलेली आशियाई चॅम्पियन्स लीग. अंतिम फेरीत अमिरातीच्या अल ऐनशी पहिला सामना १–१, दुसरा ४–२. त्याच डिसेंबरात जपानमध्ये क्लब विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ब्राझीलच्या साओ पाउलोने त्यांना ३–२ असं जेमतेम हरवलं.

त्याआधी २००२ ते २००४ असं राष्ट्रीय संघाचं दुसरं पर्व झालं. ते फसलं. युरो २००४ च्या पात्रतेत घरच्या मैदानावर डेन्मार्ककडून २–५ अशी हार झाली. कोपनहेगनला परतीच्या सामन्यात २–१ ने पुढे असताना भरपाई वेळेच्या अगदी शेवटी डेन्मार्कने बरोबरी साधली, आणि संधी गेली. नोव्हेंबर २००४ मध्ये आर्मेनियाशी १–१ बरोबरी झाल्यावर ते पायउतार झाले. जागा घेतली पित्सुर्कांनी.

२००८ मध्ये ते सिनेटवर निवडून गेले. राजकारणातल्या त्या वर्षांत मला सांगण्यासारखं काही दिसत नाही.

२०१४ मध्ये परत यायला नको होतं, असं तुम्हाला वाटतं का?

लोक असं म्हणतात, कारण त्यांना फक्त शेवट आठवतो. पूर्ण हिशेब मांडू.

ऑक्टोबर २०१४ मध्ये पात्रता फेरी अर्ध्यावर असताना पित्सुर्का सौदीला निघून गेले. चौसष्ट वर्षांच्या योर्दनेस्कुंना पुन्हा हाक आली. उरलेल्या सात सामन्यांत संघ एकदाही हरला नाही आणि त्या सातांत गोल खाल्ला फक्त एक. संपूर्ण पात्रता फेरीत दोनच. रोमानिया २००८ नंतर प्रथमच मोठ्या स्पर्धेत पोहोचला.

दुखणं दुसऱ्या बाजूला होतं. त्या सात सामन्यांत केलेले गोलही सातच, आणि त्यातले चार फॅरो बेटांविरुद्ध. मागे उभं राहून वाट बघायला हरकत नाही, पण चेंडू मिळाल्यावर तो पुढे नेणारा हाजी कुठे होता? १० जून २०१६ ला पॅरिसमध्ये यजमान फ्रान्सविरुद्ध त्यांनी ८९ मिनिटं १–१ अशी झुंज दिली, आणि मग फ्रान्सच्या दिमित्री पायेचा तो दुरून मारलेला डाव्या पायाचा गोल. स्वित्झर्लंडशी १–१. अल्बेनियाकडून ०–१. रोमानियाचे स्पर्धेतले दोन्ही गोल बोगदान स्तांकुच्या पेनल्टीवरचे. गटात शेवटचं स्थान.

माझं मत असं: परत येणं चूक नव्हतं. संघ पात्र ठरला तो त्यांच्यामुळे. स्पर्धेत मात्र त्यांनी १९९४ ची तालीम २०१६ च्या खेळाडूंकडून करून घेतली, आणि ती त्या खेळाडूंना झेपणारी नव्हती.

मैदानाच्या कडेला त्यांच्या हातात काय असायचं?

संतांच्या छोट्या प्रतिमा. ते श्रद्धाळू ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. सामना चालू असताना प्रतिमा मुठीत धरलेली, मध्येच ओठांना लावलेली, हे दृश्य १९९४ च्या चित्रीकरणात सहज दिसतं. ज्या देशात काही वर्षांपूर्वीपर्यंत श्रद्धा चारचौघांत दाखवायची सोय नव्हती, तिथल्या प्रेक्षकांना त्या मुठीत काय दिसत असेल, हे आपल्याला इथे बसून पूर्ण उमगणार नाही.

मिर्चा लुचेस्कु मोठे की योर्दनेस्कु?

दोघेही रोमानियाचे नावाजलेले प्रशिक्षक. क्लबांचं बघाल तर लुचेस्कु, आणि फरक मोठा आहे. युक्रेनच्या शाख्तार दोनेत्स्कला आठ लीग विजेतेपदं आणि २००९ चा युएफा कप त्यांनी मिळवून दिला. रोमानियाला १९८४ मध्ये पहिल्यांदा युरो स्पर्धेत नेणारेही तेच, आणि कोवळ्या हाजीला राष्ट्रीय संघात घेणारेही तेच. १९८८ च्या त्या लाजिरवाण्या अंतिम सामन्यात दिनामोच्या बाकावरही तेच होते. पण देशाचा संघ घेऊन विश्वचषकात उतरणं आणि तिथे अर्जेंटिनाला घरी पाठवणं, हे फक्त योर्दनेस्कुंच्या नावावर आहे.

एडवर्ड योर्दनेस्कु त्यांचा कोण?

मुलगा. युरो २०२४ मध्ये रोमानियाचा प्रशिक्षक तोच होता. पात्रता फेरीत एकही हार नाही. स्पर्धेत युक्रेनवर ३–० असा विजय, बेल्जियमकडून हार, स्लोव्हाकियाशी बरोबरी, आणि तरीही गटात पहिला क्रमांक. बाद फेरीत नेदरलँड्सने ३–० हरवलं. वडिलांच्या दोन्ही युरो स्पर्धांत मिळून एकही विजय नव्हता. तो मुलाने पहिल्याच सामन्यात मिळवला. बापलेकांनी एकाच देशाचा संघ युरो स्पर्धेत नेण्याचं असं उदाहरण फार दुर्मीळ आहे.

त्यांचा एकच सामना पाहायचा असेल तर कोणता पाहू?

सगळे अर्जेंटिनाचा सांगतील. मी वेल्सविरुद्धचा, कार्डिफचा सांगतो.

१७ नोव्हेंबर १९९३, आर्म्स पार्क. वेल्स १९५८ नंतर विश्वचषकात गेलं नव्हतं आणि आता एका विजयावर येऊन ठेपलं होतं. त्यांच्याकडे रश, गिग्ज, स्पीड, साँडर्स. मैदान गच्च, गाणी चालू. ३२ व्या मिनिटाला हाजीने दुरून डाव्या पायाने जमिनीलगत फटका मारला आणि चेंडू नेव्हिल साउथॉलच्या अंगाखालून आत गेला. मध्यंतरानंतर, ६१ व्या मिनिटाला, साँडर्सने बरोबरी साधली, आणि पुढच्या काही क्षणांत पेत्रेस्कुने स्पीडला पाडलं. पेनल्टी.

पॉल बोडिनने डावा पाय घातला. चेंडू इतका जोरात गेला की गोलरक्षकाला हलायलाही वेळ नव्हता, आणि तो आडव्या खांबावर आदळून परत आला. त्यानंतरची वीस मिनिटं पाहा. वेल्स तुटून पडत होतं आणि रोमानियाचे खेळाडू एकमेकांपासून दहा पावलांवर, आपापल्या जागी, चेंडू पायाला लागण्याची वाट बघत उभे. ८३ व्या मिनिटाला तो लागला. रदुचोयूने गोल केला. २–१. सात महिन्यांनी हाच संघ पासाडेनात कोलंबियासमोर उभा होता.